दादाच्या ताटातला घास

शैलजा वहिनी गौरी घ्यायला आल्या, त्या दुपारी दादा ओसरीवर बसून शेंगा फोडत होता.

फाटकाची कडी वाजली म्हणून मी खिडकीतून पाहिलं. वहिनी पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच नवऱ्याला बघत होत्या, पण चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. गिरणीत दळण टाकून परत आल्यासारख्या दिसत होत्या.

दादानं वर न बघताच विचारलं, "कशी आलीस?"

"विमानानं. कारखान्याच्या चिमणीवर उतरवलं त्यांनी."

दादा हसला. चांगला दात दिसेपर्यंत हसला. मी खिडकीचा गज धरून तशीच उभी राहिले. त्या हसण्यासाठी मी उन्हाळाभर जिवाचं रान केलं होतं. जुने फोटो काढून बसले, कॅरम आणला, त्याच्या कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला करून दाखवल्या. ह्या बाईंना एक वाक्य पुरलं.

"घे," दादानं मूठ पुढं केली. "बंद होत्या. आत्ताच फोडल्यात."

वहिनी पायरीवर टेकल्या. मुठीतले दोन दाणे उचलले, एक स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा त्याच्यापुढं धरला. दादानं तो घेतला आणि खाल्ला.

दुसऱ्याच्या बोटांतला, सोललेला दाणा. आमच्या घरात ही केवढी गोष्ट होती, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

दादा म्हणजे उदय, माझा थोरला भाऊ. साखर कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत होता. कारखान्याच्याच वसाहतीत आम्ही राहायचो. दोन वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले. वसाहतीच्या टाकीवरची पाण्याची मोटार चालू झाली, की तिच्या घरघरीत त्याला माणसं बोलताना ऐकू यायची, आणि ती त्याच्याचबद्दल बोलायची. मग आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय, असं त्याला वाटायला लागलं. शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी आवाज कमी झाले, पण मान आखडली, हात कापायला लागले, झोपेत उशी लाळेनं भिजायची. एक दिवस त्यानं सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या आणि परत दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही.

घरात 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द मी आणला. आई-आप्पा 'उदयचा त्रास' म्हणायचे. मी नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि मिळेल ते वाचत होते. दादाला मी समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. मेंदूतलं डोपामिन कसं बिघडतं, त्यामुळं नसलेलं खरं कसं वाटतं, मोटार ही फक्त मोटारच कशी असते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं मोजलंस का तू?"

"ते असं मोजता येत नाही."

"मग तुझं?"

जूनमध्ये तो म्हणाला, आमटीत काहीतरी असतं. मी मनावर घेतलं. पातेल्यातली आमटी काचेच्या नळीत घेतली, कागदी पट्ट्या बुडवल्या, मला येत होत्या तेवढ्या चाचण्या त्याच्यासमोर केल्या, शेवटी वाटीभर आमटी पिऊन दाखवली. म्हटलं, "काही नाही ह्यात. माझा शब्द."

"नमुना कुठून घेतलास?"

"पातेल्यातून. तुझ्यासमोरच तर."

"पातेलं सगळ्यांचं असतं," तो म्हणाला आणि उठून गेला. हे आजाराचं बोलणं आहे, असं मी मानलं.

त्यानंतर त्यानं शिजवलेलं अन्न बंदच केलं. केळी, नारळ, शेंगा, कवचासकट उकडलेली अंडी. ज्याला निसर्गानं स्वतः सील लावलंय तेवढंच. आईला तो म्हणायचा, "तू कधी चव घेऊन बघत नाहीस. का घेत नाहीस?" आता आईच्या आयुष्यात देवाला दाखवल्याशिवाय पळी कधी ओठाला लागली नव्हती. मीठ ती नुसत्या वासावर ओळखायची. हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं, दादालाही. पण आता तेच त्याला पुराव्यासारखं दिसत होतं.

फक्त एक गोष्ट तो घ्यायचा. माझ्या हातचा चहा. सकाळी आणि संध्याकाळी मी चहा टाकायची, आई फळीवरून त्याचा नाव घातलेला स्टीलचा कप काढून द्यायची. "घे, विसळून ठेवलाय." मी चहा ओतून त्याला नेऊन द्यायची आणि तो प्यायचा. आई देईल तो नाही, आप्पा देतील तो नाही. वसाहतीतल्या बायकांना आई सांगायची, "वैजूच्याच हातचं घेतो बघा." ते ऐकायला मी मुद्दाम दाराआड थांबायची.

आणि ज्या बाईला आजाऱ्याजवळ राहायचं नव्हतं, म्हणून जी नवरा टाकून विट्याला माहेरी जाऊन बसली होती, ती आता पायरीवर बसून त्याला दाणे भरवत होती.

तिला बोलावलं आईनंच होतं. आमच्यात गौरी सुनेच्या हातून घरात येतात, लेकीच्या नाही. "तीन दिवस येऊ दे," आई म्हणाली होती, "लोकांना तोंड द्यायला नको." म्हणजे देवीसुद्धा उंबऱ्याबाहेर हिच्यासाठी खोळंबणार होती.

संध्याकाळी वहिनींनी गौरी आत आणल्या. शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य झाला. त्याआधी मी रोजच्यासारखा चहा घेऊन ओसरीवर गेले. दादानं कप हातात घेतला, आणि वहिनींच्या पुढं धरला.

"शैला, तू आधी."

वहिनींनी कपाकडं बघितलं. कपावरच्या नावाकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांचा हात कपाला लागलाच नाही.

"नको. ह्या वेळेला मी चहा घेत नाही."

दादानं कप खाली ठेवला. थोड्या वेळानं त्यावर साय धरली. मी तिथंच उभी होते. "गार होतोय," मी म्हटलं. तो म्हणाला, "होऊ दे."

आतून नैवेद्याचं ताट आलं. वहिनींनी भाकरी मोडली, भाजी लावून एक घास खाल्ला आणि ताट दोघांच्या मध्ये सरकवलं. आग्रह केला नाही. विट्याच्या बाजारात मेथी कशी महाग झालीय, ते सांगत बसल्या. दादा ऐकता ऐकता हात पुढं करून जेवायला लागला. एक भाकरी, मग दुसरी.

स्वयंपाकघरात आई पदराला डोळे पुसत होती. "बघितलंस का? जेवला माझा लेक."

"बघितलं."

"तुला बरं नाही वाटलं?"

"वाटलं की," मी म्हटलं आणि सायीचा चहा मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवसापर्यंत माझा सिद्धांत तयार झाला होता. दादाला पुरावा हवा होता आणि वहिनी तो देत होत्या. आधी स्वतः खायचं, मग त्याला द्यायचं, एकाच ताटातून. ह्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता. ही साधी पद्धत होती आणि ती कोणालाही वापरता आली असती. मला आधी सुचली नाही, एवढंच.

पुरणपोळीचा नैवेद्य झाल्यावर पंगत बसली. शेजारच्या निकम काकू सवाष्ण म्हणून आल्या होत्या. दादाच्या एका बाजूला वहिनी होत्या, दुसऱ्या बाजूला मी जाऊन बसले. वहिनींनी त्याच्या ताटातल्या पोळीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. दादा जेवू लागला. मग मी हात पुढं केला. त्याच्या ताटातली बटाट्याची भाजी घेतली, त्याला दिसेल अशी खाल्ली, आणि राहिलेली त्याच्याकडं सरकवली.

दादाचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, भाजीकडं बघितलं, आणि सबंध ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं.

"तूच खा."

"दादा, मी फक्त..."

"खा. भूक लागली असेल."

निकम काकूंना हसू आवरेना. "अगं वैजू, नवरा-बायकोच्या ताटात तिसरा हात कशाला घालायचा? तुझंही ताट येईल की पुढच्या वर्षी."

सगळे हसले. आप्पासुद्धा. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत, आणि त्याचा मला जास्त राग आला. त्यांनी आपलं ताट दादाच्या पुढं ओढलं आणि दोघं त्यातून जेवले. मी माझ्यासमोरच्या दोन ताटांपैकी एकातलंही धड खाल्लं नाही.

प्रयोग फसला होता. तीच कृती, तेच अन्न, तोच माणूस. बदललं होतं फक्त हात. हे मला कशातच बसवता येईना.

दुपारी पाहुणे गेल्यावर वहिनी मागच्या अंगणात भांडी घासायला बसल्या. मी विसळायला गेले.

"विचारा की वन्सं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून डोळ्यांनी विचारताय. तोंडानं एकदा होऊन जाऊ दे."

"तो तुमच्या हातचं का खातो?"

"ते त्यांना विचारायचं."

"तुम्ही काहीतरी सांगितलं असणार त्याला."

"मी आल्यापासून मेथीचा भाव सांगितलाय."

"मग इतके महिने कुठं होतात? तो नुसत्या शेंगांवर होता तेव्हा? त्याला मी सांभाळलं. माझ्या हातचा चहा तेवढा पोटात जायचा त्याच्या. आता तुम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आलात."

वहिनींचा हात पातेल्यात थांबला. "मी का गेले, म्हणून सांगितलं तुम्हाला?"

"आजाऱ्याजवळ राहायचं नव्हतं म्हणून."

"असं सांगितलं होय." त्यांनी कोपरानं कपाळावरचे केस मागं सारले. "ह्यांच्या वाटीत थेंब घालायचं काम माझ्याकडं होतं. डॉक्टरांचं औषध, वास ना चव. तुमच्या आईनं, आत्याबाईंनी आणलेलं. थोडे दिवस घातलं मी. मग एकदा ह्यांनी वाटी हातात धरून विचारलं, शैला, ह्यात काही आहे का? नाही म्हणायला जीभ उचलेना आणि हो म्हणू नये म्हणून आत्याबाईंनी शपथ घातलेली. मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला विट्याच्या गाडीत बसवलं. औषध घालणार असशील तर ये, म्हणाले."

"वाटीत?"

"वाटीत. पातेल्यात घालून कसं चालेल, सगळे खातात."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. पातेलं सगळ्यांचं असतं. दादा मला नमुना चुकला म्हणून सांगत होता, आणि मी त्याला आजार समजले होते.

"पण तो आता आमटी खातच नाही," मी म्हटलं. "मग औषध..."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत चीड असती तर मला सोसली असती. "तुम्हाला खरंच माहीत नाही? मला वाटलं, तुम्हीही त्यात आहात. काल कप समोर आला तेव्हा मला तुमचाच राग आला होता."

"कसला कप?"

"चहा तुम्ही ओतता, वन्सं. कप कोण देतं तुमच्या हातात?"

आई स्वयंपाकघरात उरलेल्या पुरणाच्या डब्याला झाकण लावत होती.

"आई, दादाच्या कपात काय असतं?"

तिनं झाकण नीट बसवलं. दाबून पाहिलं. "तिनं सांगितलं?"

"मी तुला विचारतेय."

"औषध असतं. विष नाही घालत मी." तिचा आवाज चढला नव्हता. "मी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. तो यायला तयार नाही म्हटलं. त्यांनी थेंब दिले, एका वेळी दहा. ती गेल्यावर वाटीत मीच घालत होते, त्यानं जेवण सोडल्यावर कपात. मागच्या थंडीत ते पोटात जात होते, तेव्हा तो परत शेतावर जाऊन मातीचे नमुने आणायला लागला होता. तू बघितलंस का ते? तू कोल्हापुरात कॉलेजला होतीस. मी बघितलंय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला खोटं बोलता येत नाही, वैजू. तू म्हणालीस ना त्याला, काही नाही ह्यात, माझा शब्द, ते तुझ्या तोंडून खरं वाटत होतं. मी म्हणाले असते तर वाटलं नसतं." तिनं डबा फळीवर ठेवला. "तो फक्त तुझ्या हातचं घेत होता. मग मी दुसऱ्या कोणाच्या हातून देऊ?"

कप ओला असायचा. रोज. मी तो बघितला होता, आणि विसळलेलं पाणी समजून वर चहा ओतला होता. 'वैजूच्याच हातचं घेतो' हे ऐकायला मी दाराआड थांबायची, तेव्हा त्या हातातून काय जातंय ते आईला माहीत होतं, मला नव्हतं.

मी दादाला सांगायला निघाले. खरं सांगायचं म्हणून निघाले, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मनात एवढंच होतं, की वहिनी आता सांगतील, आणि सांगितलं की दादा जो थोडाफार माझा राहिला होता तोही त्यांचा होईल. त्याआधी मी सांगायला हवं.

तो घरामागच्या शेवग्याखाली बसला होता. टाकीवरची मोटार चालू होती.

"दादा, तुझ्या चहात औषध असतं. आई कपात आधीच थेंब घालून ठेवते. मला आज कळलं."

"किती?" त्यानं विचारलं.

"दहा थेंब."

"आणि आमटीत म्हणत होतो, तेव्हा?"

"तेव्हा वाटीत असायचं. पातेल्यात नाही."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो."

"तू नाही म्हणाली होतीस."

"मला माहीत नव्हतं, दादा. मी पातेलं तपासलं."

त्यानं मान हलवली, सावकाश, एखादं गणित सुटल्यावर हलवतात तशी. मग टाकीकडं बघितलं. "मग मोटारीचंही बरोबर असणार."

"नाही. मोटारीचं नाही."

"कशावरून?"

मी तोंड उघडलं. मला डोपामिन येत होतं, श्रवणाचे भास का होतात ते येत होतं, एक उघडी काडेपेटी ओली असली म्हणून सगळं घर ओलं ठरत नाही, असं काहीबाही येत होतं. पण त्याला विचारायचं होतं ते वेगळंच. वाटीच्या वेळी नाही म्हणणारी तूच, आता नाही म्हणणारीही तूच. मग ह्या 'नाही'त आणि त्या 'नाही'त फरक काय? तो ओठ दाबून मोटारीकडं बघत होता आणि त्याचा एक पाय जमिनीवर ठकठक करायला लागला होता. असा पाय चालू झाला की पुढं काय होतं, ते मी दोनदा पाहिलं होतं. त्यातल्या एकदा तो टाकीच्या शिडीवर चढला होता.

मागून वहिनी आल्या. हात अजून ओले होते. त्या त्याच्या समोर न जाता बाजूला, थोड्या अंतरावर, एका दगडावर बसल्या.

"आत्ता काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

मला ओरडावंसं वाटलं. असं विचारायचं नसतं, मी वाचलं होतं. असं माझं मी ठरवलं होतं म्हणा. भासाला खतपाणी घालायचं नाही. माझ्या सगळ्या महिन्यांत मी हा प्रश्न त्याला एकदाही विचारला नव्हता.

"म्हणतायत," दादा म्हणाला, "बहीणसुद्धा त्यांच्यातलीच आहे."

"बरं. आणि तुम्हाला काय वाटतं?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मोटार घरघरत होती आणि माझ्याबद्दलचा निकाल तिच्यात आणि त्याच्यात चालला होता, आणि मला त्यात बोलायची सोय नव्हती.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "ती नाही. तिला फसवलं."

पायाची ठकठक लगेच थांबली नाही. कमी कमी होत गेली.

"हे घरात चोरून चाललंय, ते तुम्हाला नको असेल," वहिनी म्हणाल्या. "मग तसं डॉक्टरांना सांगायला पाहिजे. तोंडावर."

"सांगेन. मान आखडते तेही सांगेन. मी औषधाला नाही म्हणत नाही. आखडायला नाही म्हणतोय. ते कोणी ऐकूनच घेतलं नाही."

"मी येते बरोबर," मी म्हणाले. "गौरी गेल्या की परवाच जाऊ. मला औषधांची नावं माहीत आहेत, कशानं काय होतं तेही. दुसरं औषध मागता येईल. आता मान न आखडणारीही असतात."

"नको. शैला येईल."

"त्यांना त्यातलं काय कळतं?"

वहिनी दगडावरून उठून घराकडं निघाल्या. मी बोलले ते त्यांनी ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवायला त्या निघाल्या होत्या.

"वैजू," दादा म्हणाला. त्या महिन्यांत त्यानं मला नावानं हाक मारल्याचं आठवत नव्हतं. "तू सगळं बरोबर सांगशील. मग डॉक्टर तुझ्याशीच बोलतील."

तिसऱ्या दिवशी गौरींना दहीभाताचा नैवेद्य दाखवून निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दादा आणि वहिनी शहराला गेले. आईनं थेंबांची बाटली स्वतः आणून वहिनींच्या हातात दिली. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. "डॉक्टरांना दाखव," आई म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्याकडं द्या. ह्यांचं औषध आहे." आईचा हात मध्येच राहिला. दादानं तो तसाच असताना बाटली काढून घेतली, उन्हात धरून पाहिली आणि खिशात टाकली.

पुढं औषध दोन-तीनदा बदललं. मोटारीतली माणसं पूर्ण गेली नाहीत, पण हळू बोलायला लागली. दोन वर्षांनी दादा अर्धा दिवस प्रयोगशाळेत जायला लागला. हे सगळं व्हायला किती भांडणं झाली, ती वेगळी गोष्ट. त्या सकाळी मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त गाडी फाट्यावरून वळताना दिसली आणि खिडकीत दोन डोकी दिसली.

आई म्हणाली, "गेला बाई स्वतःच्या पायानं." आणि ओसरीवरच बसून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी आत केर काढायला घेतला.

बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला, वहिनींची बॅग होती. दिवसा साडी बदलायला वहिनी ती तिथंच उघडायच्या आणि परत चेन लावून ठेवायच्या. त्यांना त्या घरात कोणी फळी रिकामी करून दिली नव्हती. मी केर काढायला ती बाजूला सरकवायला गेले, तर ती सरकेना. दोन्ही हातांनी उचलावी लागली.

तीन दिवसांच्या सणाला कोणी एवढं सामान आणत नाही. चेनच्या फटीतून घरात घालायच्या जुन्या साड्या दिसत होत्या, हिवाळ्यातली शाल दिसत होती, आणि तळाशी डाळी निवडायच्या सुपाची कड टोचत होती. म्हणजे आईनं गौरीपुरतं बोलावलं होतं, पण ही बाई विट्याहून निघतानाच परत न जायचं ठरवून आली होती. दादा हसेल की नाही, जेवेल की नाही, फाटक उघडेल की नाही, ह्यातलं काही माहीत नसताना.

बॅग तशीच सोडून मी थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिले. मग ती उचलली, मध्ये एकदा खाली टेकवली, आणि दादाच्या खोलीत नेऊन ठेवली.